आडव्या वाऱ्यात धार कशी फुटते: टेबलावर पाहायची आणि मोजायची रीत

जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडून पाहिला असेल तर ही मांडणी ओळखीची वाटेल. हवेची वाट मध्ये निमुळती होते आणि तिथेच खालून एका बारीक नळीतून पेट्रोल वर येतं. लढाऊ विमानाच्या आफ्टरबर्नरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवतात तिथे, तत्त्व तेच असतं. आडव्या नळ्यांना बारीक भोकं पाडलेली असतात आणि त्यांतून केरोसीन धावत्या तप्त वायूत काटकोनात सोडतात. दोन्ही ठिकाणी अखंड निघालेली धार काही मिलिसेकंदांत तुषार व्हावी लागते. तशी झाली नाही तर मोठे थेंब अर्धवट जळून बाहेर पडतात, नाहीतर भिंतीला चिकटतात.

हा लेख ती धार प्रत्यक्ष फोडून पाहण्यासाठी आहे. लागणारं सामान इंजेक्शनची सुई, पाणी, ब्लोअर आणि प्लास्टिकच्या नळ्या एवढंच. इंधन मात्र अजिबात वापरायचं नाही. विमानाच्या केरोसीनचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३८ अंश सेल्सिअस असतो, म्हणून खोलीत ते सुरक्षित आहे असं वाटतं. पण तो नियम भांड्यात साठवलेल्या द्रवाचा आहे. तुषार झालेलं इंधन त्याहून कमी तापमानालाही पेट घेतं आणि ब्लोअरच्या मोटरमध्ये ठिणग्या असतातच. पाण्यावर जे शिकायला मिळतं ते इंधनापर्यंत कसं न्यायचं, ते शेवटी येईल.

आधी दोन आकडे

नवशिका आधी फोटो काढतो आणि मग त्यात काय दिसतंय याचा विचार करतो. क्रम उलटा हवा. धार सोडण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत.

पहिला वेबर अंक. वारा धारेला ढकलून चपटी करू पाहतो, पृष्ठताण तिला गोल धरून ठेवतो. वेबर अंक म्हणजे या दोघांच्या जोराचं गुणोत्तर: हवेची घनता × हवेच्या वेगाचा वर्ग × धारेचा व्यास ÷ पृष्ठताण. धार *कशी* फुटणार ते यावरून कळतं.

दुसरं संवेग-गुणोत्तर, या कामातली माणसं त्याला नुसतं ‘क्यू’ म्हणतात: द्रवाची घनता × धारेच्या वेगाचा वर्ग, भागिले हवेची घनता × हवेच्या वेगाचा वर्ग. धार वाऱ्यात किती आत शिरणार, म्हणजे *कुठे* जाणार, ते यावरून कळतं.

ही दोन कामं वेगळी आहेत आणि नव्या माणसाची निम्मी गफलत त्यांची सरमिसळ केल्याने होते. पंपाचा दाब वाढवला की धार जास्त आत शिरते, पण वेबर अंक तिथेच राहतो. वारा वाढवला की दोन्ही बदलतात: वेबर वाढतो, क्यू घटतो. म्हणून नुसता वारा वाढवून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला फरक कशामुळे झाला ते सांगता येत नाही.

सामान

सुई १८ गेजची घ्या. वैद्यकीय सुईचा बुडखा या गेजला गुलाबी असतो आणि आतला व्यास साधारण ०.८४ मि.मी. भरतो. २१ गेज, म्हणजे हिरवी, ०.५१ मि.मी.ची, पण ती लवकर तुंबते. डिंक किंवा सोल्डर पेस्ट सोडण्यासाठी सपाट तोंडाच्या, अर्ध्या इंचाच्या सुया मिळतात, त्या सर्वांत सोयीच्या. त्यांचे रंग वैद्यकीय सुयांपेक्षा वेगळे असतात, तेव्हा रंगावर न जाता पाकिटावरचा गेज वाचा.

वैद्यकीय सुई वापरायची तर टोक कापून साधारण १२ मि.मी. लांबी ठेवा. कापताना आत बारीक पोलादी तार घालून ठेवा, म्हणजे तोंड चेपत नाही. मग ६०० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरवर आणि शेवटी १२०० नंबरवर सुई उभी धरून घासा. आतल्या कडेवरची धातूची कुसळं त्याच तारेने काढा आणि भिंगातून पाहून घ्या.

लांबी कमी करण्याला कारण आहे. ३८ मि.मी.ची अख्खी सुई लावली तर १ मीटर उंचीवरच्या पाण्याचा बराचसा जोर सुईच्या आतल्या घर्षणातच जातो. उंचीवरून वेग काढायचं सूत्र ४.४ मी./से. म्हणतं, प्रत्यक्षात धार २.३ च्या आसपास निघते. क्यूमध्ये वेगाचा वर्ग आहे, म्हणजे क्यू जवळजवळ चौपट जास्त धरला जाईल.

बाकीचं सामान असं: वेग बदलता येणारा हातब्लोअर, ३ मि.मी. जाडीचं ॲक्रिलिक, एक मुठीभर पिण्याच्या स्ट्रॉ, मच्छरदाणीची बारीक स्टीलची जाळी, दोन मीटर पारदर्शक प्लास्टिक नळी, सलाईनचा सेट, मापपात्र आणि स्टीलची पट्टी. डिस्टिल्ड पाणी घ्या, किंवा निदान मलमलीच्या चार घड्यांतून गाळलेलं. ब्लोअरला वीज ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीमधूनच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) द्या. पाणी आणि वीज एका टेबलावर येणार आहेत. डोळ्यांना गॉगल, कानांना बोळे.

वाऱ्याची वाट बांधणं

१. ९० × ९० मि.मी. आडव्या छेदाची पेटी करा. ब्लोअर तिच्या एका तोंडाला येतो. पेटीत स्ट्रॉचे ५० ते ६० मि.मी. लांबीचे तुकडे मधाच्या पोळ्यासारखे दाटीने रचा आणि त्यांच्यापुढे तीन-चार सेंटीमीटरवर जाळी ताणून बसवा. ब्लोअरची हवा पिळा घेत येते. हा पीळ स्ट्रॉ मोडतात आणि उरलेला खडबडीतपणा जाळी काढते.

२. पेटीच्या पुढे निमुळता भाग जोडा, ९० वरून ३० मि.मी.वर येणारा. आतून कंगोरे राहू देऊ नका, सांधे पुट्टीने गुळगुळीत करा.

३. त्यापुढे ३० × ३० मि.मी.ची, १०० मि.मी. लांब पारदर्शक नळी जोडा. पुढचं तोंड उघडं राहील. तळाला, सुरुवातीपासून ३० मि.मी.वर सुईसाठी भोक पाडा आणि सुईचं तोंड तळाशी *अगदी समपातळीत* बसवा. बोट फिरवल्यावर लागता कामा नये. सुई वर आली तर तिच्यामागे स्वतःचा भोवरा तयार होतो आणि धारेचा पायथा त्यातच हेलकावतो.

४. पेटीच्या भिंतीला, जाळीच्या पुढे, १ मि.मी.चं भोक पाडून त्याला यू-नळी जोडा. नळीचं दुसरं टोक खोलीत उघडं ठेवा. यू-नळीत खाण्याचा रंग घातलेलं पाणी भरा.

५. ब्लोअरचा वेग नीट बदलत नसेल तर पेटीच्या बगलेला एक भोक आणि त्यावर सरकती पट्टी करा, नको असलेली हवा तिथून सोडा. ब्लोअरचं हवा ओढायचं तोंड हाताने दाबून वेग कमी करू नका, मोटर तापते.

६. सगळी मांडणी किंचित पुढे उतरती ठेवा आणि ब्लोअर पाण्याच्या पातळीपेक्षा वर. पुढे बादली आणि जुनं धोतर किंवा चादर.

आता यू-नळीबद्दल. पेटीत हवा जवळजवळ थांबलेली असते आणि पारदर्शक नळीतून ती वेगाने थेट खोलीत जाते, म्हणून पेटीतला जास्तीचा दाब म्हणजेच वाऱ्याचा गतिक दाब, वेगामुळे येणारा. एवढ्या तोकड्या नळीत चूक पाच-सहा टक्क्यांत राहते. वाचन दोन्ही भुजांमधल्या पातळ्यांच्या *फरकाचं* घ्यायचं. एका भुजेत पाणी २७ मि.मी. चढलं तर दुसरीत तेवढंच उतरलेलं असतं, वाचन ५४. ही चूक फार जण करतात आणि मग सगळे वेबर अंक निम्मे येतात.

या मांडणीची खरी मजा पुढे आहे. वेबर अंकात हवेची घनता आणि वेगाचा वर्ग एकत्र येतात, आणि तो गुणाकार म्हणजे गतिक दाबाची दुप्पट, जो यू-नळी थेट दाखवते. म्हणजे हवेचा वेग वेगळा काढायची गरजच नाही. पाण्याच्या धारेसाठी हिशेब इतका सुटसुटीत होतो:

वेबर अंक = ०.२७ × यू-नळीचं वाचन (मि.मी.) × सुईचा आतला व्यास (मि.मी.)

क्यू = ५१ × धारेच्या वेगाचा वर्ग (मी./से.) ÷ यू-नळीचं वाचन (मि.मी.)

वेग हवाच असेल तर समुद्रसपाटीला ५५ मि.मी. म्हणजे ३० मी./से. पुण्याच्या उंचीवर हवा विरळ, घनता १.१ किलो प्रति घनमीटरच्या आसपास, म्हणून तेच वाचन ३१ च्या थोडं वर जातं. वेबर आणि क्यू मात्र मुंबईत आणि पुण्यात तेच येतील.

पाणी आणि धारेचा वेग

पाण्याला पंप लावू नका. लहान पंप धडधडतो आणि त्याची धडधड धारेत उतरते, मग वाऱ्याने फुटली की पंपाने ते कळत नाही. मारिओतची बाटली करा: बुचातून एक हवेची नळी बाटलीच्या तळाजवळ आणि दुसरी नळी सुईकडे. उंची हवेच्या नळीच्या *खालच्या टोकापासून* मोजायची. बाटलीतलं पाणी कमी झालं तरी ती उंची बदलत नाही, तोवर धार एकसारखी. सलाईनचा सेट आणि त्याची चाकाची चिमटी प्रवाह कमी-जास्त करायला उत्तम. नळीतले बुडबुडे सुईला टिचक्या मारून बाहेर काढा. एक बुडबुडा अडकला तरी धार खोकल्यासारखी तुटत राहते.

वेग उंचीवरून काढू नका, मापपात्राने काढा. ६० सेकंद धार मापपात्रात सोडा. १८ गेजच्या सुईचं आतलं क्षेत्रफळ ०.५५ चौ. मि.मी. समजा ७० मिली जमलं, तर सेकंदाला १.१७ मिली, भागिले ०.५५, म्हणजे २.१ मी./से. व्यासाची खात्री मात्र करून घ्या: ०.८ मि.मी.ची तार किंवा ड्रिल आत जायला हवी, ०.९ ची जाता कामा नये. व्यासात ५ टक्के चूक झाली तर वेगात १० आणि क्यूमध्ये २० टक्के चूक होते.

वारा सुरू करण्याआधी

नुसती धार वरच्या दिशेने सोडा, कमी वेगाने, आणि पाहा. सुईपाशी ती काचेच्या कांडीसारखी स्वच्छ दिसायला हवी. तिथेच धूसर दिसली तर तोंडावर कुसळ आहे किंवा आत कचरा आहे. पुढे तिच्यावर मणी उमटतात आणि ती सुटे थेंब होऊन तुटते. एकोणिसाव्या शतकात सावार, प्लातो आणि मग लॉर्ड रॅले यांनी अभ्यासलेली ही घटना. रॅलेच्या हिशेबाप्रमाणे सर्वांत जलद वाढणाऱ्या लाटेची लांबी धारेच्या व्यासाच्या ४.५ पट, थेंबाचा व्यास १.८९ पट. म्हणजे आपल्या सुईला सुमारे १.६ मि.मी.चे थेंब, आणि २.१ मी./से. वेगाला सेकंदाला साडेपाचशेच्या घरात. थेंब या मापाच्या फार बाहेर असले तर वारा सुरूच करू नका, आधी सुई दुरुस्त करा.

वाऱ्यात धार

क्यू ४ वर कायम धरायचा आणि वेबर वाढवत न्यायचा. त्यासाठी वाऱ्यासोबत पाण्याचा प्रवाहही वाढवावा लागतो. १८ गेजच्या सुईसाठी तीन पायऱ्या:

- यू-नळी १५ मि.मी., प्रवाह मिनिटाला ३६ मिली: वेबर साधारण ३.४
- यू-नळी ५५ मि.मी., प्रवाह ६९ मिली: वेबर १२.५
- यू-नळी १५० मि.मी., प्रवाह ११४ मिली: वेबर ३४

तिसऱ्या पायरीला बाटली बरीच उंच न्यावी लागते, साधारण दीड ते दोन मीटर. आधी वारा सुरू करा, वाचन स्थिर होऊ द्या, मग धार.

पहिल्या पायरीत धार वाकते, पाठीवर लाटा उमटतात आणि ती जाडजूड थेंबांत तुटते. वारा इथे फक्त मदतनीस आहे, मुख्य काम पृष्ठताणच करतो. सलाम, आल्बर्ग आणि फेथ या संशोधकांनी २००४ मध्ये दिलेल्या सीमेप्रमाणे ही अवस्था वेबर ४ च्या खाली.

दुसरी पायरी सगळ्यात देखणी आणि तिथे घाई करू नका. वेबर ४ ते ३० मधली ही पिशवीची अवस्था. सुईपासून दोन-तीन मिलीमीटर वर धारेचा वाऱ्याकडचा चेहरा चपटा होतो, गोल कांडीची पट्टी होते. मग पट्टीच्या मधला भाग वाऱ्याच्या दिशेने फुगायला लागतो, वारा भरलेल्या शिडासारखा. पडदा इतका पातळ होतो की मागच्या प्रकाशात त्याची फक्त कड दिसते, मध्ये काही नाहीच असं वाटतं. भोवती मात्र जाड काठ शिल्लक असतो आणि शेजारच्या दोन पिशव्यांच्या मध्ये द्रवाच्या गाठी. पडदा आधी फाटतो आणि त्याचे बारीक कण होतात. काठ थोडा वेळ रिंगणासारखा तग धरतो, मग त्याचे मध्यम मणी होतात. गाठी शेवटी सुटतात, त्या सर्वांत मोठ्या. एकाच धारेतून तीन मापांचे थेंब येतात ते असे. पाण्याचा मोठा वाटा काठ आणि गाठींतच असतो, बारीक धुक्यात नाही.

तिसऱ्या पायरीत, वेबर ३० ते ११० मध्ये, पिशव्या तर दिसतातच, पण धारेच्या दोन्ही बाजूंनी वारा द्रव सोलून नेतोय असंही दिसतं. ११० च्या पुढे पिशव्या नाहीशा होतात आणि फक्त सोलणं उरतं. १८ गेजच्या सुईने तिथवर जायला यू-नळीत सुमारे ४८० मि.मी. लागतील, म्हणजे जवळपास ९० मी./से.चा वारा. घरगुती ब्लोअर तिथे पोचत नाही. या सीमा म्हणजे आखलेल्या रेषा समजू नका. एका अवस्थेतून दुसरी हळूहळू उगवते.

धार कुठे जाईल आणि कुठे तुटेल याचा अंदाज वू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेल्या सूत्रांनी करता येतो. धारेची उंची (व्यासांत) = १.३७ × वर्गमूळ (क्यू × पुढचं अंतर व्यासांत). तुटण्याची जागा वाऱ्याच्या दिशेने साधारण ८ व्यास पुढे आणि उंची ३.४४ × क्यूचं वर्गमूळ इतके व्यास. दुसऱ्या पायरीला हिशेब करा: तुटण्याची जागा ६.७ मि.मी. पुढे आणि ५.८ मि.मी. वर. २० मि.मी. पुढे धारेची उंची ११ मि.मी.च्या आसपास. सुईतून निघाल्यापासून तुटेपर्यंत वेळ सुमारे २.८ मिलिसेकंद.

तुमचा आकडा यापेक्षा २०–३० टक्के वेगळा आला तर घाबरू नका. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या सूत्रांतही एवढा फरक सापडतो, कारण सुईच्या आतला आकार आणि धारेतली खळबळ सूत्रात नसते. दुप्पट फरक आला तर मात्र सूत्राला दोष देण्याआधी यू-नळीचं वाचन, व्यास आणि मापपात्र पुन्हा तपासा.

फोटो

मोबाईलचा कॅमेरा १/८००० सेकंदाला उघडला तरी तेवढ्या वेळात ३० मी./से.चा थेंब पावणेचार मिलीमीटर पुढे जातो. फोटोत तुषार नाही, रेघा येतात. म्हणून प्रसंग थांबवायचं काम शटरकडे न देता प्रकाशाकडे द्या.

अंधार करा. नळीच्या मागे ट्रेसिंग पेपर, त्याच्यामागे कॅमेऱ्याचा सुटा फ्लॅश सर्वांत कमी ताकदीवर. त्या ताकदीला चकाकी साधारण २५ ते ५० मायक्रोसेकंद टिकते. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा आणि त्यात एकच फ्लॅश. मूळ धार २ मी./से.ने वर चाललेली असते, ती तेवढ्या वेळात ०.१ मि.मी.पेक्षा जास्त सरकत नाही, म्हणून कांडी आणि उमलत्या पिशव्या स्वच्छ येतात. फाटून वाऱ्याच्या वेगाला लागलेले बारीक कण मात्र एखाद्या मिलीमीटरच्या रेघा होतात. तेही थांबवायचे तर १ ते २ मायक्रोसेकंदांचा स्पंद देणारा एलईडी लागेल.

फोटोआधी सुईच्या मधोमध पट्टी उभी धरून तिच्यावर हाताने फोकस लावा, पट्टीचाही फोटो ठेवा आणि मग फोकसला हात लावू नका. एका पायरीचे किमान ५० फोटो घ्या. हा प्रसंग दर मिलिसेकंदाला वेगळा असतो, एका फोटोवरून बोलू नये.

हमखास बिघाड

धार छताला लागते: क्यू जास्त आहे. ३० मि.मी.च्या नळीत १० च्या वर जाऊ नका. लागली की छतावर पाण्याचा थर होतो आणि त्याच्या कडेवरून गळणारे मोठे थेंब तुषाराचे समजून मोजले जातात.

धार एका कुशीला झुकते: सुईचं तोंड तिरकं घासलं गेलंय, किंवा वाऱ्यात पीळ उरलाय. सुई अर्धी फिरवा. झुकाव फिरला तर दोष सुईचा, तसाच राहिला तर वाऱ्याचा.

तळावर, सुईच्या मागे, पाणी साचतं: थोडं होणारच, धारेच्या पाठीमागचा भोवरा थेंब खाली ओढतो. खूप साचत असेल तर सुई तळाच्या खाली गेली आहे. तळालगतचा मंद हवेचा थर तिथे जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलीमीटरचा असतो, तेवढा खड्डाही धारेचा पायथा लपवायला पुरतो.

पाण्यात साबण घालून पृष्ठताण इंधनाइतका खाली आणू असं मनात येतं. त्याचा उपयोग होत नाही. साबणाचे रेणू नव्या पृष्ठभागावर येऊन बसायला वेळ घेतात आणि आपली धार दोन-तीन मिलिसेकंदांत फुटून जाते. पुस्तकातला साबणपाण्याचा पृष्ठताण शांत पाण्याचा असतो, फुटणाऱ्या ताज्या पृष्ठभागाचा नाही. यू-नळीत एक थेंब साबण घाला हवं तर, तिथे काठावरचं वाचन सोपं होतं. धारेत नको.

थेंब मोजायचे तर

फोटोत थेंब किमान आठ-दहा पिक्सेल रुंद असेल तरच मोजा. आणि साधी सरासरी काढू नका. समजा एका चौकटीत ४०० मायक्रॉनचा एक थेंब आहे आणि ४० मायक्रॉनचे १००. साधी सरासरी ४४ मायक्रॉन, तुषार फार छान झाला असं वाटेल. पण त्या एकट्या मोठ्या थेंबात उरलेल्या शंभर थेंबांच्या दहापट पाणी आहे. म्हणून ज्वलनाच्या कामात व्यासांच्या घनांची बेरीज भागिले वर्गांची बेरीज घेतात, तिला साउटर सरासरी म्हणतात. इथे ती २२० मायक्रॉन येते. थेंबाला जळून जायला लागणारा वेळ ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ४० मायक्रॉनच्या कणाच्या शंभरपट वेळ ४०० च्या थेंबाला हवा. ज्वलनकक्षात तेवढा वेळ मिळाला नाही तर तो धूर होऊन बाहेर पडतो.

सुटा झालेला थेंब पुन्हा फुटेल का, हेही वेबरवरूनच कळतं. सुट्या थेंबाला साधारण १२ लागतो. यू-नळी ५५ असताना तो आकडा गाठायला थेंब ०.८ मि.मी.चा हवा, १५० ला ०.२९ मि.मी.चा. त्याहून लहान थेंब वाऱ्यासोबत वाहत जातील, फुटणार नाहीत. बारीक तुषार हवा तर वेगाचा हिशेब इथून सुरू करावा.

पाण्यावरून इंधनाकडे

केरोसीनचा पृष्ठताण खोलीच्या तापमानाला ०.०२६ न्यूटन प्रति मीटरच्या आसपास, पाण्याचा ०.०७२. त्याच वाऱ्यात, त्याच भोकातून केरोसीन सोडलं तर वेबर अंक सुमारे २.८ पट होईल. पाण्यावर तोच अंक गाठायला वाऱ्याचा वेग १.६६ पट हवा. केरोसीन पाण्यापेक्षा थोडं घट्ट असलं तरी एवढ्या व्यासाला त्या चिकटपणाने अवस्थांच्या सीमा बदलत नाहीत. जड तेलाला मात्र हे लागू नाही.

इंजिनाचं अंतर याहून मोठं आहे. १० बार दाब आणि ७०० केल्विनला हवेची घनता ५ किलो प्रति घनमीटरच्या आसपास. १०० मी./से. वारा, ०.५ मि.मी.चं भोक आणि तापलेल्या केरोसीनचा पृष्ठताण ०.०२४ धरला तर वेबर हजाराच्या वर जातो, सोलण्याच्या अवस्थेत खूप आत. खोलीच्या दाबाला, त्याच भोकातून, तेवढा वेबर पाण्यावर गाठायचा तर वारा ३५० मी./से. लागेल, म्हणजे ध्वनीहून वेगवान, आणि तिथे धारेपुढे आघातलाट उभी राहते. तो वेगळाच प्रश्न झाला. म्हणून अशा कामाला दाबाखालचा काचेच्या खिडक्यांचा कक्ष वापरतात, हवा दाट करतात आणि वेग बेताचा ठेवतात. टेबलावरच्या मांडणीतून पिशवीची अवस्था, धारेची वाट आणि मोजणीची सवय घ्या. इंजिनातल्या थेंबाचं माप या मांडणीवरून काढू नका.